ओकव्हिलच्या ड्राइव्ह-वेवर क्वालालंपूरची कढई

प्रिय आई,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि आज सकाळपासून मी घरभर नुसती फिरते आहे. पोटात मावतच नाहीये! मंदारला सांगावं तर तो तिथेच होता. मैत्रिणीला फोन करावा तर आधी तिला अप्पांचा स्वभाव समजवा, मग क्वालालंपूरची गल्ली, मग श्राद्धाचा स्वयंपाक. मुद्द्यावर येईपर्यंत तिचा लंच ब्रेक संपायचा. तुमच्यासारखं ऐकणारं माणूस आता राहिलंच नाही हो. म्हणून शेवटी कागद ओढला. सासूला पत्र लिहिणारी सून, तेही ती गेल्यावर! नागपूरला माझ्या आईला कळलं तर म्हणेल, "बाप्पा! समोरासमोर भांडून भागलं नाही का तुझं?"

आधी वाईट बातमी सांगून टाकते, म्हणजे चांगली सांगायला मोकळी होईन.

तुम्ही गेलात आणि अप्पांनी वर येऊन जेवणं सोडलं. हो, तेच अप्पा, ज्यांना फोडणीचा वास बंद दारातून बेसमेंटमध्ये यायचा आणि जे हाक मारायच्या आत जिना चढायचे! दोन्ही वेळेला एकच, "खालीच दे गं, भूक नाही." दहीभात आणि लिंबाचं लोणचं. मी ताट घेऊन उतरायची आणि अर्धं तसंच परत आणायची. मंदार चिडायचा, ईशा वॉटर्लू युनिव्हर्सिटीतून वीकेंडला आली की लाडीगोडी लावायची, पण अप्पा ढिम्म. डॉक्टर म्हणाले, तब्येतीला काही झालेलं नाही, कंपनी द्या. अहो, कंपनी द्यायला माणूस वर तर यायला हवा! पँट ढिली होत होत शेवटी पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. ते भोक मीच पाडलं, आई, आणि गॅरेजमध्ये बसून रडले. असंच चाललं तर पुढच्या वर्षी दोघांचं श्राद्ध करायची पाळी येईल असं वाटायचं. कुणाला बोलून नाही दाखवलं.

एक विचारू? रागावणार नाही ना? जन्मभर त्यांचं ताट तुम्ही वाढलंत, समोर बसून त्यांच्याशी गप्पा मारल्यात. एकट्यानं कसं जेवायचं ते त्यांना का नाही शिकवलंत?

असो. आता चांगली बातमी!

उन्हाळ्यात ईशाचं को-ऑप होतं. वॉटर्लूची पोरं या कामाच्या टर्मला टोरांटोत जातात, फार तर कॅलिफोर्नियात. ही पठ्ठी फोनवर किंचाळली, "ममा, आय गॉट के. एल.!" मला वाटलं कुठल्या कंपनीचं नाव. मग डोक्यात उजेड पडला. के. एल. म्हणजे क्वालालंपूर. तुमचं क्वालालंपूर! हातातली कणीक तशीच टाकून मी खाली धावले अप्पांना सांगायला. ते म्हणाले, "हं. उकडतं तिथे."

पण मला झोप येईना. पोळ्या लाटता लाटता ती गोष्ट तुम्ही मला किती वेळा सांगितली होती! अप्पा तिथे रबराच्या कारखान्यात इंजिनिअर, मंदार मांडीवरचं पोर, आणि तुम्ही सांगलीहून उठून थेट त्या शहराच्या पोटात. घरासमोरच्या गल्लीत दिवेलागणीला चुली पेटायच्या. एका टोकाला हवेत रोटी भिरकावणारा तमिळ अण्णा. मधे केळीच्या पानात नारळाचा भात बांधून देणारी मलाय बाई. आणि दुसऱ्या टोकाला तो चिनी म्हातारा, सगळ्या जगाचा अंकल, भल्यामोठ्या कढईत तांदळाच्या चपट्या नूडल्स परतणारा. त्याला चार क्वे तियाव म्हणतात. तुम्ही अखेरपर्यंत 'चपट्या शेवया'च म्हणालात. टेबलं तिघांची मिळून. ज्याला जे हवं ते त्यानं आणायचं आणि शेजारच्याच्या ताटात डोकावायचं नाही. अंडंसुद्धा न खाणाऱ्या तुम्ही, डुकराच्या चरबीच्या धुरात बसून अण्णाची रोटी खायचात! आणि डोळे मात्र अंकलच्या कढईवर.

मग तुम्हाला शोध लागला की चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अंकल शाकाहार पाळतो. कढई घासूनपुसून लख्ख, चरबी बंद, शिंपले बंद. पंधरावा दिवस म्हणजे आपली पौर्णिमाच की! तुम्ही पुण्याहून मागवलेलं पंचांग पर्समध्ये घातलंत, नवी साडी नेसलात आणि जाऊन ठणकावलंत, "टुडे फुल मून. व्हेज." अंकल म्हणाला, "यस्टरडे, आंटी." त्यानं भिंतीवरचं रोज पान फाडायचं चिनी कॅलेंडर दाखवलं. तुम्ही पंचांग उघडून त्याच्या नाकासमोर धरलंत. त्याला देवनागरी येईना, तुम्हाला चिनी येईना, आणि दोघं भर गल्लीत चंद्रावरून भांडताय! अण्णा मधे दुभाष्या. शेवटी अंकलनं वर बघितलं. चंद्र चांगला गरगरीत. त्यानं डोकं खाजवलं आणि खालून दुसरी, कोरी कढई काढली. तेव्हापासून तुमची एक पौर्णिमा आणि त्याची एक. कधी दोन्ही एकाच दिवशी यायच्या, कधी लागोपाठ. तुम्ही दोन्ही पाळल्यात. धर्माच्या नावाखाली चैन हो नुसती!

आणि अप्पा? आपल्या घरातली अधिकृत हकिगत अशी की अप्पांनी त्या गल्लीतलं पाणीसुद्धा प्यायलं नाही. डबा नेला, डबा आणला. "तुमच्या आईचे चोचले," एवढंच ते म्हणायचे.

तर ईशा तिथे पोचली आणि पहिल्याच रविवारी सकाळी तिनं व्हिडिओ कॉल लावला. इथे आमची शनिवारची संध्याकाळ. "ममा, आय थिंक धिस इज इट!" मी फोन डोळ्यांना चिकटवला. गल्ली तीच, आई. तुम्ही सांगायचात तशी वाकडी. पण एका बाजूला आभाळ झाकणारं हॉटेल. खालच्या जुन्या दुकानांमधे कॅफे, बाहेर कुंड्या, आत लॅपटॉप. आणि कोपऱ्यावरच्या भिंतीवर हे एवढं मोठं रंगवलेलं चित्र: बनियनमधला चिनी म्हातारा, हातात कढई. पर्यटक त्या चित्रासमोर हात पुढे करून उभे राहतात, जणू म्हातारा बशी देतोय, आणि फोटो काढतात. खाली पालिकेची पाटी, ही वारसा गल्ली आहे म्हणून. अख्ख्या गल्लीत चूल एकही नाही!

माझं टाळकंच सटकलं. "भिंतीवर रंगवला की झाला का वारसा? ती माणसं कुठे गेली?" मी इथून ओरडतेय, आणि तिथले पर्यटक ईशाच्या फोनकडे बघताहेत. "ममा, चिल! लेट मी आस्क समवन."

तिनं हार विकणाऱ्या एका तमिळ बाईला विचारलं. बाईनं बोट वर केलं. हॉटेलवाल्यांना धूर नको होता, म्हणून खाण्याच्या सगळ्या गाड्या मागच्या मंडईच्या तिसऱ्या मजल्यावर हलवल्या होत्या. नळ आहेत, पंखे आहेत, छताला धुराडं आहे, फक्त रस्ता नाही. ईशा सरकत्या जिन्यानं वर गेली. अण्णाची जागा रिकामी, मुलं सगळी शिकून बाहेरदेशी गेली. मलाय बाईची नात आहे, तिचा भात आता ॲपवरून ऑफिसांमधे जातो. आणि शेवटच्या गाळ्यात, आई, भिंतीवर पान फाडायचं कॅलेंडर!

अंकल आता नाही. गल्ल्यावर त्याची मुलगी, आंटी मे, निवृत्त शाळामास्तरीण. मी लगेच विचारलं, साडी नेसणारी एक बाई आठवते का, चंद्रावरून भांडणारी? आंटी मे खो खो हसली. "सो मेनी आंटीज, ला! एव्हरीबडी फाइट विथ माय फादर." मला जरा वाईट वाटलं बरं का. तुम्हालाही वाटलं असतं.

कढईवर कोण होता माहितेय? प्रेम. पोखऱ्याचा नेपाळी! आधी सुरतेला हॉटेलात होता, त्यामुळे हिंदी फर्डं. "नमस्ते दीदी, कनाडा में ठंड है?" म्हणाला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा एक गृहस्थ बडबडला, म्हणे परक्या हाताला इथली चव कशी येणार. आंटी मेनं गल्ल्यावरूनच त्याला झापलं. "माय ओन सन, इन मेलबर्न, कॅन नॉट बॉइल एग. धिस मॅन स्टँड बिसाइड माय फादर टिल द एंड." गृहस्थानं बशी चाटूनपुसून खाल्ली. मला वाटलं, तुमच्या वेळी तरी त्या गल्लीत इथला-तिथला कोण बघत होतं? अंकलचे वडील बोटीनं आलेले, अण्णाचे आजोबा बोटीनं आलेले, आणि तुम्ही सांगलीच्या.

आता खरी गंमत ऐका. मी प्रेमला विचारलं, "भैया, इसमें लहसुन कितना डालते हो?" तो म्हणाला, "दीदी, पंद्रहवें दिन लहसुन-प्याज नहीं डालते. पूजा का दिन है ना."

कांदा-लसूण नाही! आई, मी सोफ्यावरून उठून नाचले! तुम्ही गेलात कोजागरीला. म्हणजे तुमचं श्राद्ध पौर्णिमेला. म्हणजे अंकलचा पंधरावा दिवस, एखादा दिवस इकडेतिकडे, आता तो वाद नको! चरबी नाही, अंडं नाही, कांदा-लसूण नाही. तुमच्या चपट्या शेवया श्राद्धाच्या पानात चालतात!

ईशाला मी कामालाच लावलं. दर सुट्टीला ती तिसऱ्या मजल्यावर, प्रेमच्या शेजारी उभी. परत येताना तिच्या सूटकेसमधे कपडे कमी आणि लोखंडी कढई एक, काळ्या सोया सॉसच्या बाटल्या पिशवीत गुंडाळलेल्या. आपली ईशा, जिला पोहे भिजवता येत नव्हते!

मग मी अप्पांना सांगायला खाली गेले. "अप्पा, आईंच्या पानात वडे-खिरीबरोबर चपट्या शेवया वाढणार आहे." कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज चढला. "श्राद्ध आहे की फूड कोर्ट? लोक काय म्हणतील? असलं काही वाढणार असाल तर मी पानावर बसणार नाही. नमस्काराला येईन, माझं ताट खाली आण."

याच दिवशी तरी ते आमच्याबरोबर बसतील म्हणून तर सगळा खटाटोप, आणि मीच त्यांना उठवलं! मंदार म्हणाला, "वैशू, ड्रॉप इट. साधं करू." मी जवळजवळ सोडलंच होतं. पण मिसिसागाच्या गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, कांदा-लसूण नाही, शिळं नाही, आणि त्यांना आवडायचं. मग वाढा की. वडे, खीर, आमसुलाची चटणी मात्र चुकवू नका." ठरलं तर मग. मी नागपूरची आहे, एकदा ठरलं की ठरलं. तुम्हालाच सगळ्यात जास्त ठाऊक.

काल सकाळी वडे झाले, खीर झाली, भोपळ्याची भाजी झाली. शेवया गरमच हव्यात म्हणून शेवटी ठेवल्या. ईशानं कढई शेगडीवर ठेवून तापवली, तेल सोडलं, आणि स्मोक अलार्म! गुरुजींचे मंत्र एकीकडे, अलार्म एकीकडे. मंदार सोवळं नेसून खुर्चीवर चढलाय आणि पंच्यानं अलार्मला वारा घालतोय! ईशा म्हणे, "द फ्लेम इज टू लो एनिवे, ममा. धिस इज होपलेस."

तेवढ्यात दारात शेजारचा ग्लेन. "एव्हरीथिंग ओके?" मी काकुळतीला येऊन सांगितलं, सासूबाई गेल्या त्याला वर्ष झालं, त्यांच्यासाठी रांधतेय, आच पुरत नाही. तो बिचारा तडक गेला आणि गॅरेजमधून थँक्सगिव्हिंगला टर्की तळायचा तो प्रोपेनचा बर्नर घेऊन आला. मी आतल्या आत म्हटलं, टर्कीचा? मग आठवलं, तुम्ही चरबीच्या धुरात बसून रोटी खाल्लीत. बर्नर घासला, गंगाजल शिंपडलं आणि ड्राइव्ह-वेवर मांडला.

काय दृश्य होतं! मेपल लालभडक, वारा बोचरा, आपला ड्राइव्ह-वे आणि त्यावर घोंघावणारी निळी ज्वाळा. जॉगिंग करणाऱ्या बायका थबकल्या. कुणीतरी कुत्र्यासकट उभं राहिलं. मी हिरव्या साडीवर विंटर जॅकेट घालून हातात मोड आलेल्या मुगाचं पातेलं धरलेलं. ओकव्हिलमधे, जिथे गवत दोन बोटं वाढलं तरी शेजारी बघतात, तिथे भर सकाळी रस्त्यावर कढई! आणि नैवेद्याआधी चाखायचं नाही, त्यामुळे मीठ सगळं देवाच्या भरवशावर.

बेसमेंटचं बाजूचं दार उघडलं. अप्पा. धोतरावर पार्काचा जाड कोट, डोक्याला माकडटोपी. आता चार लोकांत बोलणार!

अप्पा कढईशी आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "आच कमी आहे."

"आजोबा?" ईशा म्हणाली.

"मोठी कर. कढईतून धूर निघू दे, मग शेवया टाक. आणि सॉस मधे नाही ओतायचा. कडेनं सोड. अंकल कडेनं सोडायचा."

मंदार पंचा घेऊन दारात आला होता. "अप्पा, तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर तिथे कधी खाल्लंच नाही!"

"नाहीच खाल्लं," अप्पा म्हणाले. "पण दर पौर्णिमेला तुझी आई तुला मांडीवर घेऊन टेबल धरून बसायची. मग रांगेत कोण उभं राहायचं? तासतास उभा राहायचो मी. दुसरं बघणार काय? कढईच बघायचो."

आई! हे तुम्ही कधी सांगितलंच नाहीत! गोष्टीत अंकल आला, अण्णा आला, पंचांग आलं, चंद्र आला, आणि रांगेतला माणूस तेवढा गाळलात? का हो? तो तुमच्या दोघांचाच म्हणून ठेवलात का? एवढं वर्ष मी त्या माणसासमोर दहीभाताचं ताट ठेवत होते आणि मला ठाऊकच नव्हतं की कुणाची रांग संपली आहे.

कढईतून धूर निघाला. ईशानं शेवया टाकल्या, सॉस कडेनं सोडला, आणि असा वास सुटला की ग्लेन कुंपणापलीकडून "ओ माय गॉड" म्हणाला. अप्पा शेजारी उभे राहून "आता हलव, आता थांब" करत होते. पार्काच्या बाह्या सारलेल्या!

तुमचं पान आधी वाढलं. नमस्कार झाले. मी अप्पांचं ताट खाली न्यायला उचलणार, तोच ते खुर्ची ओढून बसले. टेबलावर. आपल्या खुर्चीवर! मी ताट तसंच त्यांच्यासमोर सरकवलं. बोललो असतो तर उठले असते. वडा खाल्ला, खीर प्यायले. शेवया मी त्यांना मुद्दामच वाढल्या नव्हत्या. थोड्या वेळानं म्हणाले, "मला नाही वाढणार?"

थोड्याशाच वाढल्या. त्यांनी एक घास घेतला आणि थांबले. मला वाटलं, मीठ चुकलं. ते बराच वेळ चावत राहिले. मग तुमच्या पानाकडे बघून, आमच्याकडे नाही, तुमच्याकडे बघून म्हणाले,

"इतकी वर्षं मी नुसताच रांगेत उभा राहिलो की गं."

आणि ताट पुढे केलं.

मंदार उठून सिंकपाशी गेला, नळ सोडला आणि काहीच धुतलं नाही. ईशा उघड रडत होती. मी वाढत होते. त्यांनी तिसऱ्यांदा घेतलं, आई. सगळ्यात शेवटी उठले, आणि उठताना मंदारला म्हणाले, "तू मांडीवरून सारखा माझ्याकडे यायला बघायचास."

आता मी तुम्हाला शब्द देते, आणि माझा शब्द कसा असतो ते तुम्ही पाहिलंय. यापुढे अप्पांचं ताट एकट्यानं खाली जाणार नाही. रुसले, हट्टाला पेटले आणि खालीच बसले, तर माझंही ताट घेऊन मी बेसमेंटमधे त्यांच्यासमोर बसेन आणि तुमच्यासारखी बडबड करेन. तुमच्याइतकी चांगली नाही जमणार. पण ते जेवतील तोवर उठणार नाही.

हे मी खाली बेसमेंटमधे बसून लिहितेय आणि अप्पा वरून हाक मारताहेत, चहा झाला का म्हणून. वरून, ऐकलंत ना!

भांडायला कुणी न उरलेली,
तुमची वैशाली